फणीमावशी दगडावर

शहराच्या वृक्षोद्यानात दोनशे अकरा जातींची झाडं आहेत आणि प्रत्येकाच्या गळ्यात पाटी आहे. पाटीवर झाडाचं नाव, कूळ, मूळ देश, उंची, सगळं. माणसांची इतकी नीट चौकशी कुणी करत नाही. या झाडांमधून एक वाट वळणं घेत जाते आणि एका लाकडी दारापाशी संपते. दाराच्या आत जपानी बाग. तळं, तळ्यावर कमानीचा पूल, मुद्दाम आखडून वाढवलेली झाडं, आणि सगळ्यात शेवटी तीन बाजूंनी भिंत घातलेलं एक आवार. त्यात झाड नाही, फूल नाही, पाण्याचा थेंब नाही. नुसती पांढरी बारीक खडी, खडीत पाच दगड आणि खडीवर ओढलेल्या रेघा. खडी म्हणजे समुद्र, दगड म्हणजे बेटं आणि रेघा म्हणजे लाटा, असं बाहेरच्या फलकावर लिहिलं आहे. चौथ्या बाजूला लाकडी ओटा आहे. लोक त्यावर बसतात, थोडा वेळ गप्प राहतात, मग फोटो काढतात आणि जातात.

या लाटा रोज सकाळी ओढायचं काम फणीमावशीकडे होतं. तिच्या हातातलं लाकडी दाताळं फणीसारखं दिसायचं आणि ती गेली एकोणीस वर्षं खडी विंचरत होती, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं.

आली होती ती झाडलोट करायला. नवरा छापखान्यात कामाला होता, तो अचानक गेला तेव्हा मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. त्याच वर्षी ही बाग झाली. जपानहून एक म्हातारे शिक्षक आले, तीन दिवस राहिले आणि चार कामगारांना रेघा ओढायला शिकवून गेले. चौघांपैकी एकाची पाठ धरली, एकाची बदली झाली आणि तिसऱ्याला, जे रोज पुसलं जाणार ते रोज काढायचं या विचारानंच गरगरायला लागलं. उरली ही. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही. घरी भांडी, कपडे, पोरीच्या वेण्या, सगळं तसंच तर चाललं होतं.

गंमत अशी, की लोक तिकीट काढून इथे यायचे ते मन शांत करायला. डोळे मिटून बसायचे, लांब श्वास घ्यायचे. आणि ज्या बाईनं ती शांतता रोज सकाळी तयार करून ठेवलेली असायची, ती सबंध वेळ तिथे काळजी करत असायची. दुसरी जागाच नव्हती. घरी काळजी करायला मुलगी द्यायची नाही, बसमध्ये उतरायचा थांबा चुकायचा. मग उरला हा समुद्र. पोरीचा ताप, पोरीची परीक्षा, पोरीची पहिली नोकरी, पोरीनं घेतलेली स्कूटर, या सगळ्याची काळजी तिनं याच खडीवर, साडेसात ते दहा या वेळात, उलट पावली चालत केली होती.

उलट पावली, कारण रेघ ओढायची तीच एक रीत. पुढे चाललं तर आपणच काढलेल्या लाटेवर पाय पडतो. म्हणून आधी खडीवर झारीनं पाणी शिंपडायचं, रेघ धरून राहावी म्हणून. मग दगडांभोवतीची गोल वलयं काढायची. मग मागच्या भिंतीपासून सुरुवात करून, पट्ट्यामागून पट्टा ओढत, मागे मागे सरकत ओट्यापर्यंत यायचं. टाचेला ओटा लागला की वर चढायचं. झालं. मागे वळून बघायची गरज नाही. डोळ्यांनी रेघ बघायची, ओटा टाच बघते.

या एकोणीस वर्षांत साहेब बदलले सात. सातवे येऊन चौदा महिने झाले होते. ते मनानं वाईट नव्हते, फक्त उत्साही होते, आणि उत्साही साहेबासारखी दुसरी पीडा नाही. पहिल्या आठवड्यात ओट्यावर बसून त्यांनी विचारलं होतं, "हे रोज का करावं लागतं?"

"रोज पुसतं म्हणून," मावशी म्हणाली.

"कोण पुसतं?"

"वारा. पक्षी. पानं. शाळेची सहल आली तर सहल."

साहेबांनी तेव्हा नुसतं "हं" केलं. पण त्या "हं"मधून सहा महिन्यांनी एक बाटली निघाली. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांना सापडली. बाटलीतला चिकट पदार्थ खडीवर ओतला की खडी जागच्या जागी घट्ट बसते, रेघांसकट. एकदा ओढा, कायमचं विसरा. साहेब त्याला 'स्थिरीकरण' म्हणायचे, बाकी सगळे 'डिंक' म्हणायचे. नमुना म्हणून आवाराच्या कोपऱ्यात, भिंतीपलीकडून बांबू डोकावतो तिथे, सतरंजीएवढ्या तुकड्याला डिंक लावून झाला होता. रेघा खरंच हलत नव्हत्या. एक सुकलेलं पानही त्यात कायमचं स्थिर झालं होतं. मावशी रोज झारीनं पाणी मारायची तेव्हा त्या तुकड्यावर पाणी तसंच साचून राहायचं आणि दोन चिमण्या त्यात आंघोळ करायच्या.

"साहेब, पाणी साचतं इथे," तिनं एकदा सांगून बघितलं.

"चकाकी आहे ती," साहेब म्हणाले.

आता डिंक सगळ्या आवाराला लागला की मावशीनं काय करायचं, हा प्रश्न तिनं विचारला नव्हता आणि साहेबांनीही उत्तर दिलं नव्हतं. रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला माणूस हवा आहे असं मात्र ते तिच्यासमोर दोनदा बोलले होते.

शेवटचा निर्णय पाहुण्यांवर सोपवला होता. आपल्या शहराचं जपानात एक मैत्री जुळलेलं शहर आहे, तिथून एक तज्ज्ञ येणार होते. महापालिकेच्या पत्रात तेवढंच होतं: 'तज्ज्ञ'. साहेब आठवडाभर आरशासमोर कमरेत वाकायचा सराव करत होते. पाहुण्यांनी नमुना बघून मान डोलावली की दुसऱ्या दिवशी बाटल्यांची मागणी जाणार होती.

मावशीनं मात्र मनाशी वेगळंच धरलं होतं. तो माणूस जपानचा. तो ओट्यावर बसेल, रेघा बघेल आणि त्याला कळेल. ती पट्ट्याला पट्टा कसा जोडते, की सांधा शोधून सापडत नाही. ते म्हातारे शिक्षक जाताना तिच्या रेघांकडे बघून हसले होते, त्यानंतर एकोणीस वर्षांत कळणारं माणूस इथे आलंच नव्हतं. कळल्यावर तो डिंकाला हो म्हणेल? शक्यच नाही.

तर पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मावशी डबा भरत होती आणि मुलगी दारात चपला घालत होती. मुलगी चोवीस वर्षांची, चष्म्याच्या भिंगांच्या कंपनीत तपासणीच्या विभागात. एक पाय चपलेत घालून ती म्हणाली,

"आई, संध्याकाळी वेळेवर ये. तुझ्याशी जरा बोलायचंय."

मावशीच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "काय?"

"संध्याकाळी सांगते."

"आत्ता सांग ना."

"अगं उशीर होतोय. काही विशेष नाही."

आणि गेली.

"बोलायचंय" हा शब्द वाईटच. पण त्याच्या आधीचा "जरा" त्याहून वाईट. आणि "काही विशेष नाही" हे तर माणूस विशेष असल्याशिवाय म्हणतच नाही. मावशी बसमध्ये बसली ती डब्याची पिशवी छातीशी धरून.

उद्यानाच्या दारात तिकीटखिडकीवर बसणारा माणूस तिचा एकोणीस वर्षांचा सोबती. त्याला सगळे खिडकीकाका म्हणत, कारण त्याचं गळ्याखालचं शरीर फारसं कुणी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "काय गं, चेहरा का असा? पाहुणे यायच्या आधीच डिंक लागला का तोंडाला?"

"पोरगी म्हणाली, जरा बोलायचंय."

"मग बोलेल की."

"तुला मुलगे आहेत. तुला नाही कळायचं."

"मुलगे बोलतच नाहीत, ते बरंय. साडेदहाला पाहुणे येतायत. साहेबांचा निरोप आहे, समोरचा भाग आधी छान कर, फोटो ओट्यावरून निघतात."

समोरचा भाग आधी. मावशीनं तेवढंच ऐकलं आणि तेवढंच धरलं. बाकी डोकं मोकळं होतं कुठे?

तिनं पाणी शिंपडलं, चार लहान दगडांची वलयं काढली आणि ओट्याकडचे पट्टे ओढायला घेतले. लग्नाचं असेल. मुलगा कोण? त्या कंपनीतलाच असणार, तो एकदा जिन्यापर्यंत सोडायला आला होता तो. उंच होता, पण उंच असणं म्हणजे काही नोकरी नव्हे. पट्टा संपला. डावीकडचा घेतला. लग्न असतं तर ती लाजली असती. लाजली नाही, उलट घाईत होती. म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली असती तर चपला कशाला घातल्या? उजवीकडचा पट्टा. मग तब्येत. गेल्या महिन्यात तिनं कसलीतरी तपासणी केली होती, "कंपनीत सगळ्यांचीच करतात" म्हणाली होती. सगळ्यांची का करतील? किडनी. हल्ली तरुण मुलांचं काहीही निघतं. मागच्या भिंतीकडचे पट्टे ओढताना मावशी आपली एक किडनी द्यायला तयार झाली होती आणि रजा किती शिल्लक आहे ते आठवत होती. मधल्या मोठ्या दगडाची वलयं तेवढी राहिली. ती बाहेरून आत, बाहेरून आत, मागे मागे सरकत काढत गेली. अशी सुरेख वलयं तिनं वर्षात काढली नव्हती. शेवटचं वलय जुळलं, टाचेला काहीतरी कडक लागलं आणि ती रोजच्यासारखी वर चढली. दाताळं अलगद उचललं, खडीचा कणही न हलवता. मग मान वर केली.

समोर ओटा होता.

ओटा समोर असायला नको होता. तो पायाखाली असायला हवा होता. मावशीनं खाली बघितलं. पायाखाली मधला मोठा दगड होता, आणि चारही बाजूंना, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकही खोट नसलेला समुद्र.

सव्वादहा झाले होते.

तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. "अरे ऐक, मी दगडावर अडकलेय."

"कुठल्या दगडावर?" खिडकीकाकानं विचारलं.

"मधल्या."

पलीकडे कुणीतरी तोंड दाबून हसल्यासारखा आवाज आला. "गेलीस कशी?"

"मागे मागे."

"मग ये ना तशीच. पाय पडले तिथे दाताळं फिरव मागून."

"तसं नसतं ते. एक पट्टा मोडला की तो भिंतीपासून भिंतीपर्यंत पुन्हा ओढावा लागतो, नाहीतर सांधा दिसतो. वलयं वेगळीच. पाऊण तास लागेल."

"उडी मार."

"वय काय माझं?"

"ज्येष्ठ नागरिक सवलतीला अजून सहा वर्षं आहेत तुला. मार उडी."

"ओट्यापर्यंत? पंधरा हात?"

"थांब थांब, गाडी आली. चार माणसं उतरतायत. साहेब वाकले. अजून वाकलेलेच आहेत. मी ठेवतो."

मग मावशीपाशी करण्यासारखं काहीच उरलं नाही. उतरून रेघा मोडायच्या की तशीच उभी राहून स्वतःचं हसं करून घ्यायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तिचे पाय काही उतरायला तयार होईनात. आज कळणारा माणूस येत होता. त्याला काय मोडका समुद्र दाखवायचा? दर पाच मिनिटांनी खिडकीकाकाचा फोन यायचा.

"साहेब प्रत्येक झाडाची पाटी वाचून दाखवतायत. तुला वेळ आहे."

"पाहुणे कसे आहेत?"

"झाडांकडे बघतच नाहीत. मान खाली घालून चालतात. फार मोठा माणूस दिसतोय."

पाच मिनिटांनी: "एकाच झाडापाशी थांबले. त्याच्या मुळांनी गटाराचं झाकण उचललंय ना, ते. खाली बसून बघितलं. माळी म्हणतो, मुळांना नमस्कार केला."

मावशीला भरून आलं. मुळांना नमस्कार करणारा माणूस. त्याला रेघा दाखवायच्या आणि आपण मध्ये बुजगावण्यासारख्या उभ्या. तिनं मधल्या वेळात मुलीला पाचदा फोन केला. उचलला नाही. दवाखान्यात असेल.

लाकडी दार वाजलं. पुलावर पावलं वाजली. साहेब पुढे, त्यांच्यामागे राखाडी कोटातले एक ठेंगणे, साठीचे पाहुणे, त्यांच्या बाजूला दुभाषी मुलगी आणि मागे पालिकेचे दोघं. साहेबांचा हात "या" म्हणून पसरलेला होता, तो तसाच हवेत राहिला. त्यांनी दगडाकडे बघितलं. दगडावर बाई, बाईच्या हातात दाताळं.

माणूस साहेब होतो तो काही उगीच नाही. साहेब दुभाषीकडे वळले आणि म्हणाले, "सांगा त्यांना. रेघा पूर्ण झाल्या की आमच्याकडे कामगार मध्यभागी मौन धरून उभा राहतो. निसर्गाशी एकरूप होण्यासाठी."

दुभाषीनं सांगितलं. पाहुण्यांनी गंभीरपणे मान हलवली. पालिकेच्या एकानं वहीत लिहून घेतलं. मावशी निसर्गाशी एकरूप होण्याचा प्रयत्न करू लागली.

तेवढ्यात तिच्या कमरेला फोन वाजला. मोठ्यानं. मुलगी.

न उचलणं शक्य नव्हतं. किडनीचा प्रश्न होता. तिनं ओठ न हलवता फोन कानाला लावला. "मी आत्ता दगडावर आहे. तू बरी आहेस ना? एवढंच सांग."

"बरी आहे गं. पाच मिस्ड कॉल कशाला? कुठल्या दगडावर?"

"संध्याकाळी सांगते. काही विशेष नाही," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

साहेबांनी डोळे मिटले होते. पाहुणे मात्र ओट्याच्या कडेला उभे राहून आवार न्याहाळत होते. बराच वेळ न्याहाळत होते. मग ते दुभाषीकडे वळून काहीतरी बोलले.

"ते विचारतायत," दुभाषी म्हणाली, "पाऊस पडल्यावर इथलं पाणी कुठे जातं?"

साहेबांनी पालिकेच्या माणसांकडे बघितलं. पालिकेच्या माणसांनी एकमेकांकडे. "पाणी..." साहेब म्हणाले, "पाणी म्हणजे इथे प्रतीकात्मक आहे..."

"खऱ्या पाण्याचं विचारतायत."

शेवटी उत्तर दगडावरून आलं. एकोणीस वर्षं तिथे पाऊस बघितलेली दुसरी व्यक्ती हजरच नव्हती.

"खाली मोठी खडी आहे," मावशी म्हणाली. "तिच्याखाली उतार आहे, त्या बांबूच्या कोपऱ्याकडे. तिथे भिंतीच्या बुडाला भोक आहे हाताएवढं. त्यातून मागच्या नाल्यात जातं. पानं अडकतात त्यात. मी महिन्यातून दोनदा दाताळ्याच्या दांड्यानं मोकळं करते."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. पाणी कुठेतरी जात असणार ना, म्हणून बघितलं."

दुभाषीनं हे सगळं सांगताच पाहुण्यांचा चेहरा एकदम उजळला. सकाळपासून दोनशे अकरा झाडांनी जे केलं नव्हतं ते त्या हाताएवढ्या भोकानं केलं. ते काहीतरी बोलले, ओट्यावरून उतरले आणि बूट घातलेले, मजबूत, सरकारी पाय टाकत समुद्रातून सरळ बांबूच्या कोपऱ्याकडे चालू लागले.

खडी करकरत होती. समोरचे पट्टे, जे आधी छान करायचे होते ते, मोडले. मधले मोडले. मोठ्या दगडाची वर्षातली सगळ्यात सुरेख वलयं दोन ढांगांत मोडली. मावशीजवळून जाताना पाहुण्यांनी तिला अदबीनं वाकून नमस्कार केला आणि पुढे गेले.

मावशी दगडावरून खाली उतरली. आता उतरायला काहीच हरकत नव्हती.

कोपऱ्यात पाहुणे गुडघ्यावर बसले. भोकात बोट घातलं, खिशातून छोटी विजेरी काढून आत बघितलं, फोटो काढले. मग उठताना त्यांचा पाय छपकन पाण्यात गेला. चिमण्या उडाल्या. त्यांनी खाली बघितलं, डिंकाच्या तुकड्यावर बूट आपटला, ठोकून बघितलं आणि विचारलं, हे काय.

साहेबांचा क्षण आला. त्यांनी स्थिरीकरण समजावून सांगितलं, बाटलीचं चित्रही दाखवलं. पाहुणे ऐकत होते आणि ऐकता ऐकता मान हलवत होते, पण उभी नव्हे, आडवी. मग पहिल्यांदाच लांबलचक बोलले.

"ते म्हणतात," दुभाषी म्हणाली, "हे सगळीकडे लावलंत तर पाणी खाली झिरपणार नाही. साचेल. दोन पावसाळ्यांत भिंत फुगेल, तिसऱ्यात पडेल. आणि ते म्हणतात, निचरा सांभाळणाऱ्या बाईंना हे विचारलं होतं का?"

साहेबांनी 'निचरा सांभाळणाऱ्या बाईं'कडे बघितलं. बाई आपल्या मोडलेल्या वलयांकडे बघत होत्या.

"हे पाहुणे तज्ज्ञ कशाचे आहेत?" मावशीनं हळूच दुभाषीला विचारलं.

"सांडपाणी आणि पावसाळी गटारं. शहराच्या जुन्या भागातली गटारं बघायला आलेत. मधे दोन तास रिकामे होते, म्हणून इकडे आणलं."

मावशीला राहवेना. "विचाराल का त्यांना... रेघा कशा वाटल्या?"

दुभाषीनं विचारलं. पाहुणे गोंधळले. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग आपल्या पावलांच्या ठशांकडे, ते कुठून कुठे आले तिकडे, आणि त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. ते वाकले. इतके वाकले, की साहेबांचा आठवडाभराचा सराव फिका पडला.

"माफी मागतायत," दुभाषी म्हणाली. "म्हणतात, त्यांच्याही शहरात अशी एक बाग आहे. प्रसिद्ध आहे म्हणे. पण त्यांना जायला कधी सुट्टीच मिळाली नाही."

दुपारी साहेबांनी तिला कचेरीत बोलावलं. डिंकाचं काय झालं ते कुणीच बोललं नाही. बाटलीचं चित्र टेबलावरून नाहीसं झालं होतं.

"मावशी, तुमच्या कामाचं वर्णन जरा चुकीचं लिहिलं गेलंय इतकी वर्षं," साहेब म्हणाले. "'रेघा ओढणे' असं आहे. ते बरं दिसत नाही. उद्या कुणी विचारलं तर आपल्याला उत्तर हवं. आपण 'निचरा देखरेख, दैनंदिन' करू."

"आणि रेघा?"

"ओढा की. त्या काय, त्यातच आल्या."

दारावर खिडकीकाका वाटच बघत होता. "वाचलीस ना? पेढे... बरं, राहू दे. तोंड का पडलंय मग?"

"वाचले ते गटारामुळे," मावशी म्हणाली.

"अगं लोक कशाकशामुळे वाचतात. तू गटार बघतेस!"

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा मुलीनं चहा टाकला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत टेबल, टेबलाला दोन खुर्च्या. मुलगी म्हणाली, "बस."

"उभीच बरी आहे. सांग."

"बस तरी."

"काय निघालंय तपासणीत?"

"कसल्या तपासणीत?" मुलीनं कपाळावर हात मारला. "आई, मला बढती मिळालीय. पुढच्या महिन्यापासून मुख्य कचेरीत. दुसऱ्या शहरात आहे ती, बसनं आठ तास."

मावशी खुर्चीत बसली. "एवढंच?"

"एवढंच काय?"

"मला वाटलं किडनी."

मुलगी हसायला लागली, आणि ती हसतेय तोवर मावशीला कळत गेलं की आठ तास म्हणजे किती. मग मुलीनं खुर्ची पुढे ओढली. "ऐक ना. तूही यायचंयस. जागा बघून ठेवलीय, खालच्या मजल्यावर, जिने नाहीत. तसंही ते तुमचे साहेब डिंक लावणारच आहेत."

"नाही लावणार."

तिनं सगळं सांगितलं. दगड, फोन, बूट, भोक. मुलगी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग थांबली. "आणि रेघांबद्दल काय म्हणाले ते?"

"त्यांना दिसल्याच नाहीत."

मुलीनं कपांत चहा ओतला. "बघ ना आई," मुलगी मऊ आवाजात म्हणाली, "एकोणीस वर्षं. पाठ बघ तुझी. रोज काढायचं, रोज पुसायचं, आणि बघणाऱ्याला दिसतही नाही. आता तिथे राहून काय करायचंय तुला?"

काल हा प्रश्न आला असता तर मावशीनं सांध्यांबद्दल सांगितलं असतं, वलयांबद्दल सांगितलं असतं, आणि मुलीनं मायेनं मान हलवून सामान बांधायला घेतलं असतं. आज तिच्यापाशी पक्कं उत्तर होतं. एका परदेशी तज्ज्ञानं दिलेलं.

"मला निचरा बघायचाय," ती म्हणाली. "मी गेले तर दोन पावसाळ्यांत भिंत फुगेल. तिसऱ्यात पडेल."

मुलीनं तिच्याकडे टक लावून बघितलं. आई थट्टा करत नव्हती. निदान तोंडावरून तरी नाही.

"आणि मी तिकडे एकटी? माझी काळजी इथे बसून कशी करशील?"

"जिथे करते तिथेच. साडेसात ते दहा. नंतर मोकळीच असते मी." आणि थोडं थांबून, "तू मात्र बसमध्ये बसलीस की फोन करायचा. बस मधे थांबली की करायचा. पोचलीस की करायचा. आणि 'जरा बोलायचंय' असं पुन्हा कधी म्हणायचं नाही. काय ते लगेच बोलायचं."

"बरं. मग माझंही एक ऐक," मुलगी कप उचलत म्हणाली. "टाचेला काही लागलं की आधी मागे वळून बघायचं. मग चढायचं."

"बघेन."

दुसऱ्या दिवशी तिनं मोडलेला समुद्र सगळा सपाट केला, पाणी शिंपडलं आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात केली. आठ तासांच्या रस्त्यावर किती घाट असतील याचा विचार करता करता शेवटचा पट्टा आला, टाचेला काहीतरी लागलं, आणि कबूल केल्याप्रमाणे तिनं वळून बघितलं. ओटाच होता. त्या वळण्याच्या नादात शेवटची रेघ बोटभर वाकडी गेली.

दिवसभरात दोन शाळा आणि एक लग्न ठरलेलं जोडपं येऊन गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.